बहुतेक काही होणार नाही

समस्त गल्लीकरांना, तसेच पाहुणे, वाटसरू आणि हातगाडीवाले यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, यापुढे कोठेही मोठा आवाज होण्याची शक्यता दिसताच प्रत्येकाने आपापले तोंड उघडे ठेवावे. किती उघडे? पेढा जाईल एवढे पुरे, लाडू जाईल एवढे नको. हा हुकूम सरकारचा नाही, नगरपालिकेचा नाही, कुठल्या डॉक्टरचाही नाही. तो आमच्या नेव्हीआप्पांचा आहे. आप्पा आज नाहीत, पण हुकूम मागे घेतल्याचं त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तो अजून चालू आहे.

मुखेडला आमच्या गल्लीत तुम्ही आलात तर स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की बोलणारा माणूस बोलता बोलता थांबतो, तोंड उघडतो, शिट्टी होऊ देतो आणि पुढचं वाक्य बोलतो. नवीन सुनांना पहिले काही दिवस वाटतं की आपण वेड्यांच्या गल्लीत पडलो. मग त्यांचंही तोंड उघडायला लागतं.

आप्पा उंच होते, वाळलेले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पायात आयुष्यभर बूट. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अर्धा. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर बसायची जागा ठरलेली होती, त्यांच्या डाव्या हाताला. सकाळी तिथं माणसांची रांग असायची आणि उजवीकडे एक मांजर. आवाज होण्याच्या आधी आप्पांचं तोंड उघडायचं. एसटीचा ड्रायव्हर हॉर्नकडे हात नेतोय हे त्यांना लांबून दिसायचं. आणि आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, रागावून काही बोलायच्या बेतात आहेत असं दिसलं, तरीही आप्पांचं तोंड उघडायचं. काकू म्हणायच्या, "मिटा ते. मी तोफ न्हाई."

तोफ म्हणाल्या, ते उगीच नाही. आप्पांनी सगळी नोकरी समुद्राच्या काठावर काढली होती. नौदलाच्या तोफा आणि त्यांचे गोळे जिथं उडवून तपासतात अशा एका ठिकाणी. कुठल्या ठिकाणी हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "ते सांगता येत न्हाई," हे त्यांचं पहिलं ठरलेलं वाक्य. आता आमच्याकडून समुद्र इतका लांब, की नौदलात गेलेला माणूस म्हणजे चंद्रावर जाऊन आलेला. गल्लीनं आपापल्या कुवतीप्रमाणे अंदाज बांधले. न्हाव्याचं म्हणणं, आप्पा स्वयंपाकी होते. चहावाल्याचं म्हणणं, पाणबुडीत होते.

"आप्पा, पाणबुडीत होता का?"

"न्हाई."

"जहाजावर?"

"लांबून बघितलं."

"पोहता तरी येतं?"

"न्हाई."

"मग नेव्हीत तुम्ही करत काय होता?"

"थांबायचो," आप्पा म्हणायचे.

आम्हाला ही थट्टा वाटायची. पण खरंच त्यांचं काम थांबायचं आणि थांबवायचं होतं, असं हळूहळू कळलं. तोफ उडायच्या आधी लाल निशाण चढवायचं, कोळ्यांच्या होड्या भोंगा देऊन हटवायच्या, सगळी माणसं आडोशाला गेली की नाही ते बघायचं. गोळा समुद्रात पडला की पाण्याचा खांब उठतो, तो दुर्बिणीतून टिपायला वेगळी माणसं. आप्पा निशाणवाले. आणि एखादा गोळा उडालाच नाही, नुसताच तोफेत बसून राहिला, तर आप्पांचं खरं काम सुरू. कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही. ठरलेला वेळ जाईपर्यंत निशाण उतरायचं नाही. साहेब ओरडो, ऊन तापो, जेवण थंड होवो. "वाजला न्हाई म्हंजे विझला असं न्हाई," हे त्यांचं दुसरं वाक्य.

तिसरं वाक्य एका शब्दाचं होतं: "बहुतेक."

हा शब्द आणि मी, आमचं जुनं वैर. मी माईकवरचा माणूस आहे. लग्न, सत्कार, साठीशांत, दुकानाचं उद्घाटन, आजूबाजूच्या तालुक्यांत कुठंही बोलवा, मी जातो आणि छातीठोक बोलतो. वर कर्तबगार, वधू सुशील, दुकानदार सचोटीचा, सत्कारमूर्ती म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. धंदाच तो. आप्पा मला नावानं हाक मारत नसत, "माईकवाले" म्हणत.

"काय माईकवाले, परवा तुम्ही नवरदेवाला कर्तबगार म्हणून राहिले व्हते. कशावरून?"

"आप्पा, म्हणायची पद्धत आहे."

"हां. म्हंजे टेस्ट न्हाई केलेलं."

एकदा आमच्याच गल्लीतल्या एका पोराची चौकशी करायला देगलूरहून मुलीकडचे आले. कुणीतरी त्यांना सांगितलं, नेव्हीआप्पा खोटं बोलत नाहीत, त्यांना विचारा. झालं. पाहुणे आप्पांच्या डाव्या हाताला बसले, काकूंनी चहा दिला.

"पोरगं कसं हाय?"

"आजपर्यंत तरी बरं हाय."

"आणि पुढं?"

"पुढचं मला कसं म्हाईत?"

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. "पीत-बीत न्हाई ना?"

"मी बघितलेलं न्हाई."

"म्हंजे पीत न्हाई."

"मी बघितलेलं न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले. पाहुण्यांनी कपबशा अर्ध्याच ठेवल्या आणि दुपारची गाडी पकडली. पोराच्या आईनं आप्पांच्या दारावरून जाणं सोडलं. ती मागच्या बोळातून, गटार ओलांडून बाजाराला जायची, पण ह्या दारावरून नाही.

त्याच पोराचं पुढं उदगीरला जमलं. दणक्यात वरात निघाली. घोडा, बँड आणि माईकवर मी. मुहूर्त गाठायचा होता आणि गाडीला उशीर झालेला. आप्पांच्या दारासमोर कुणीतरी रस्त्यात सुतळी बॉम्ब ठेवला. वात जळाली, आत गेली आणि काहीच नाही. एकजण पायानं ढकलायला पुढं झाला, तेवढ्यात ओट्यावरून आप्पा दोन्ही हात वर करून उतरले.

"मागं व्हा. कुणी हात लावायचा न्हाई."

बघता बघता त्यांनी एका बाईच्या आहेराच्या पिशवीतून लाल खण ओढला, खराट्याच्या काठीला बांधला आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बँड बंद. घोडा थांबला. नवरदेव वर, आम्ही खाली. मी माईकवरून जाहीर केलं, "तांत्रिक कारणामुळे वरात काही काळ स्थगित." लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण आप्पा हलेचनात. लग्न लावायला बसलेले जंगमस्वामी उदगीरहून फोन करून राहिले. नवरदेवाची आई, जी इतके दिवस ह्या दारावरून गेली नव्हती, ती आता ह्या दारातच अडकली. तिनं आप्पांना त्यांच्या उजव्या बाजूनं जे काही ऐकवलं ते त्यांच्या नशिबानं वाया गेलं. शेवटी आप्पांच्या हिशेबानं वेळ झाली, त्यांनी बादली मागवली, लांबून, आडवं उभं राहून पाणी ओतलं आणि बॉम्ब हातात घेऊन सुतळी उलगडली. आत निव्वळ माती निघाली.

"बघा आप्पा, माती," मी म्हणालो. माईक चालूच होता.

"हाव," ते म्हणाले. "आता समजलं."

संध्याकाळी उदगीरहून परतल्यावर मी विचारलं, "सगळ्या नोकरीत असं किती वेळा झालं, की तुम्ही थांबलात आणि काहीच झालं नाही?"

"बहुतेक वेळा."

"मग?"

"मग काय? बहुतेक म्हणलो ना मी. सगळ्या वेळा कुठं म्हणलो?"

हा माणूस असा का झाला, ते एकदा त्यांनीच सांगितलं. काकू समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आप्पांनी चिमूटभर तांदूळ उचलले. "गोळ्यांची एक खेप येती. सगळे एकासारखे एक. त्यातले थोडे घ्यायचे, तापवून बघायचे, गारठवून बघायचे, अन् उडवायचे. नीट उडाले की सगळी खेप पास."

"शितावरून भात," मी म्हणालो.

"हाव. आता मला सांगा माईकवाले, जे शीत तपासलं ते तर गेलं. समुद्रात. जहाजावर कोणता गोळा जातो? न तपासलेला. जे तपासलं ते हातात राहत न्हाई, अन् जे हातात राहतं ते तपासलेलं न्हाई. मग ग्यारंटी कशाची देता?"

काकू ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी हेच ऐकून राहिले. तुम्ही आज ऐकलं."

आता काकूंचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

समुद्राकाठच्या क्वार्टरला पत्रा होता. तोफ उडाली की पत्रा थरथरायचा, पिठाच्या डब्याचं झाकण उडायचं, पाळण्यातलं लेकरू दचकायचं. नव्या लग्नाच्या काकू उदगीरकडून थेट तिथं गेल्या. पहिल्या सकाळी नवरा बूट घालून निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, नीट येणार ना? आप्पा म्हणाले, "बहुतेक." काकू दिवसभर रडल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा तेच. काकू विचारत राहिल्या, आप्पा तेच सांगत राहिले आणि अशी सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर आप्पांनी मुखेडला येऊन पहिलं काय केलं असेल, तर पक्क्या स्लॅबचं घर बांधलं. थरथरणारा पत्रा काकूंच्या डोक्यावर पुन्हा नको म्हणून. स्लॅबवर पाणी मारायला स्वतः शिडीवर चढायचे. बघायला येणाऱ्याला बोटाच्या पेरानं टकटक वाजवून दाखवायचे.

आणि मग आमच्या भागात जमीन वाजायला लागली.

तुम्ही पेपरात वाचलं असेल. नांदेड, लातूर, सगळीकडे लोकांनी ऐकलंय. वरच्या मजल्यावर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा आवाज, फक्त तो मजला वरचा नसतो, खालचा असतो. धप्प. भांडी किणकिणतात आणि संपतं. कधी महिनोन्‌महिने काही नाही, कधी एका दिवसात दोनदा. आप्पांना तो ऐकू यायचा नाही. बुटाच्या तळव्यातून कळायचा. त्यांचं तोंड उघडायचं, आणि त्यावरून बाकीच्यांना समजायचं की आत्ता झालं ते खरंच झालं.

तालुक्याहून एक अधिकारी आले. देवळासमोर गल्ली जमली. माईक अर्थातच माझा. घाबरण्याचं कारण नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं आणि ज्या वेगानं गाडीत बसले त्या वेगाबद्दल गल्लीत दोन मतं पडली. लोक मग आप्पांकडं वळले. ज्या माणसानं जन्मभर धडाडधूम ऐकली, त्याला नाही कळणार तर कुणाला? मी माईक त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी अंगापासून लांब धरला, जसा काही उडेल.

"मी जिमिनीतला माणूस न्हाई. मला ह्यातलं काही कळत न्हाई."

"काही होणार न्हाई, येवढं बोला आप्पा. बायकामाणसं भेली हायेत."

"ते मला बोलता येत न्हाई."

"मग काय बोलता येतं?" नवरदेवाच्या आईनं विचारलं. ह्या वेळी डावी बाजू साधून.

आप्पांनी विचार केला. सगळी गल्ली वाट बघत होती. "आवाज आला की तोंड उघडं ठेवा," ते म्हणाले. "कान वाचतात."

झालं. गल्लीनं हे तोंड उघडं ठेवणं भूकंपावरचा इलाज म्हणूनच घेतलं. तोंड उघडं असलं की घर पडत नाही, इथपर्यंत मजल गेली. पुढच्या खेपेला तेच अधिकारी पाहणीला आले आणि नेमकं तेव्हाच खालचं पोतं पडलं. त्यांनी वळून बघितलं तर दुकानदार, गिऱ्हाईक, नळावरच्या बाया, सायकलवरचा पोस्टमन, सगळी गल्ली आपापल्या जागी तोंड वासून उभी. त्यांनी कागदावर काय लिहून नेलं कुणास ठाऊक.

मी नंतर आप्पांना एकट्याला गाठलं. "जमिनीतल्या आवाजानं कान जातात का?"

"न्हाई. बहुतेक."

"मग तोंड कशाला उघडायचं?"

"माणसाला करायला काहीतरी पायजे ना," आप्पा म्हणाले. "नुसतं भ्यायचं म्हंजे लई अवघड."

गल्लीचं भागलं, काकूंचं भागलं नाही. पहिल्या मोठ्या आवाजाच्या दिवशी त्या घराबाहेर आल्या आणि पुन्हा स्लॅबखाली बसल्या नाहीत. अंगणात सरपण ठेवायला पत्र्याची शेड होती. तिथं चूल नेली, खाट नेली, देव नेले. लोणच्याची बरणी लागली तर चोरासारख्या आत जायच्या आणि पळत बाहेर यायच्या. ज्या पत्र्यापासून आप्पांनी त्यांना सोडवून आणलं, त्याच पत्र्याखाली बाई आपल्या पायानं जाऊन बसली.

"पत्रा पडला तर डोकं फुटंल," त्या म्हणायच्या. "स्लॅब पडला तर फुटायला डोकंच न्हाई राहायचं."

आप्पांना हे फार लागलं. त्यांनी करायचं ते सगळं केलं. दोन खोल्यांत मजबूत खांब उभे केले. बैठकीच्या खोलीला समोरासमोर दोन दारं पाडली, पळायचं झालं तर कुठूनही पळता यावं म्हणून. कोनाड्यात स्टीलचे ग्लास पालथे, एकावर एक रचून ठेवले, जरा धक्का बसला की खडबडून पडतील आणि जाग येईल. मग काकूंना दारापर्यंत आणून सगळं दाखवलं.

"सगळं बरं हाय," काकू म्हणाल्या. "आता तोंडानं बोला. काही होणार न्हाई म्हणा, मी येते आत."

"बहुतेक काही होणार न्हाई."

"त्या बहुतेकाखाली मी झोपत न्हाई."

"अगं, घर मजबूत हाय."

"टेस्ट केलं का?"

आप्पा म्हणाले, "घर टेस्ट केलं तर राहत न्हाई." आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण काकू तोवर शेडमध्ये गेल्या होत्या.

मग आप्पांनी एक उपाय काढला जो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. ते स्वतः आत झोपायला लागले, एकटे. "मी शीत," असं मला म्हणाले. खाट खिडकीला लावली. खिडकीच्या पलीकडं शेड, शेडमध्ये काकूंची खाट. मध्ये गज. दोघं म्हातारी गजाच्या दोन बाजूंना पडून बोलायची, आणि आप्पांचे कान असे असल्यामुळे त्यांचा संसार आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचा. रोज उजाडलं की, आप्पा आहेत ना हे बघायला, शेडमधून काकूंची हाक, "हाव का?"

आतून उत्तर, "हाव."

"बघ," आप्पा चहा घेताना म्हणायचे, "आजचं शीत पास झालं."

"शीत पास झालं," काकू म्हणायच्या. "भाताचं काय?"

तुम्ही म्हणाल, बाई हट्टी. मला तसं वाटत नव्हतं. मला वाटायचं, ही बाई जन्मभर एक वाक्य मागतेय आणि हा माणूस जन्मभर ते देत नाही. माझ्या धंद्यात असली वाक्यं मी फुकट उधळतो. म्हणून एका दुपारी मी आप्पांच्या डाव्या कानाशी बसलो आणि स्पष्टच बोललो.

"आप्पा, बोलून टाका ना. काही होणार नाही. तीन शब्द. काय बिघडतं?"

"खोटं व्हईल."

"झालं तर झालं. काकू स्वतःच्या घरात झोपतील."

"तिकडं असताना रोज सकाळी विचारायची. मी म्हणलो असतो काही होणार न्हाई, तर हसून पाठवली असती तिनं मला. कळत न्हवतं असं न्हाई. पण मग ज्या दिवशी काही झालं असतं, त्या दिवशी ती मला खोटारडा म्हणली असती."

"त्या दिवशी ऐकायला तुम्ही नसताच की आप्पा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग समोरच्या भिंतीकडं. मांजर उठून गेलं, तरी ते भिंतीकडंच बघत होते.

"हाव," शेवटी म्हणाले. "हे मी धरलंच न्हवतं."

आणि उठून आत गेले. मी ओट्यावरच बसून राहिलो. ऐकायला काही कान लावावा लागत नव्हता. काकू शेडमध्ये दुपारच्या कलंडल्या होत्या.

"जागी हाय का?" आतून आप्पा.

"बोला."

"मी काय म्हणून राहिलो..."

"बोला की."

"काही होणार..." एवढं आलं आणि थांबलं. मी उठून अंगणाच्या बाजूनं गजातून डोकावलो. आप्पांचं तोंड उघडं होतं. मोठा आवाज यायच्या आधी असायचं तसं. काकू कोपरावर उठून त्यांच्याकडं बघत होत्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्या एवढ्या जवळ आल्या होत्या त्या वाक्याच्या.

"...बहुतेक," आप्पा म्हणाले.

काकू पुन्हा आडव्या झाल्या. "मिटा तोंड," म्हणाल्या. "माशी जाईल."

पण रागानं म्हणाल्या नाहीत, एवढं मी नोंदवून ठेवतो.

नंतरच्या थंडीत एका सकाळी काकूंनी शेडमधून हाक मारली, "हाव का?" उत्तर नाही. पुन्हा मारली, मोठ्यानं. मग त्यांनी हाक बदलली आणि मला मारली. मी गेलो तर त्या गज धरून खिडकीशी उभ्या होत्या. दार तिथून चार पावलांवर उघडं होतं.

"तुम्ही जावा आत," त्या म्हणाल्या. "मला दिसून राहिलंय इथून."

आप्पा खाटेवर होते. चेहरा शांत होता. तोंड उघडं होतं. झोपेत गेलेल्या पुष्कळ माणसांचं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच असणार. कोनाड्यातली ग्लासांची रास जशीच्या तशी उभी होती. एकही पडला नव्हता.

पुण्याहून लेक-जावई आले, सोलापूरहून मुलगा आला. आमच्याकडं लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकवून, मांडी घालून आप्पांना बसवलं. भस्म लावलं, बेल वाहिला, गळ्यात हार घातले. तोंड मिटेना, म्हणून कुणीतरी जाणत्यानं पांढरं फडकं हनुवटीखालून घेऊन टाळूवर गाठ मारली. वरून पटका बांधला. एकदम रुबाबदार दिसायला लागले. एखाद्या सत्काराला बसावं तसे. माझा हात सवयीनं माईक शोधायला लागला.

खोली भरली. गल्ली सगळी, ओळखीपाळखीचे, नवरदेवाची आई तिच्या सुनेसकट. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. काकू दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर. लेक म्हणाली, "आई, ये ना आत." कुणीतरी म्हणालं, राहू द्या, त्यांना भीती वाटते, बाहेरच सतरंजी टाका. काकूंनी वर स्लॅबकडं बघितलं. मग आप्पांकडं. मग साडी सावरून आत आल्या, बायकांमधून वाट काढत थेट भिंतीशी गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. डावीकडं.

थोडा वेळ असाच गेला. मंत्र चालले होते, उदबत्ती चालली होती. आणि खालचं पोतं पडलं.

धप्प. ह्या वेळी चांगलंच. कोनाड्यातले ग्लास खडबडून खाली आले, घरंगळत माणसांच्या पायांत गेले. मी तुम्हाला पळणाऱ्यांची नावं सांगणार नाही. सांगायचीच झाली तर पहिलं माझं सांगावं लागेल. आप्पांनी पाडलेल्या दोन्ही दारांतून सगळी खोली अंगणात रिकामी झाली. लेक, जावई, मुलगा, भेटायला आलेले बँक मॅनेजर, ज्यांनी सकाळपासून रडून डोळे सुजवले होते ते, आणि मंत्रासकट जंगमस्वामी. माझ्या हातात कुणाचीतरी चप्पल होती. अंगणात पोचल्यावर सगळ्यांनी शिस्तीत तोंड उघडलं, उशिराच.

मग आम्ही वळून आत बघितलं. समोरासमोरच्या दोन दारांमुळे आरपार दिसत होतं. आप्पा हार घालून ताठ बसलेले. पायाशी ग्लास अजून हळूहळू गोल फिरत होता. आणि काकू त्यांच्या शेजारी. उठल्या नव्हत्या, हलल्याही नव्हत्या. वर बघत नव्हत्या. त्यांचं तोंड पेढा जाईल एवढं उघडं होतं. आवाज पूर्ण विरेपर्यंत तसंच ठेवलं, मग मिटलं. मग त्या आप्पांच्या चेहऱ्याकडं वळल्या, हनुवटीखालचं फडकं बघितलं आणि आयुष्यभर बहिऱ्या माणसाशी बोलून चढलेल्या त्या आवाजात, अंगणातल्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेल्या,

"आवं, ते फडकं सोडा की कुणीतरी. उरलाय तेवढा कान जाईल त्यांचा."